शून्य मृत्यूचा सत्कार

"मृत्यूला या रुग्णालयाचं दार बंद आहे!"

डॉ. सलिल यांनी माइकवर हे वाक्य तिसऱ्यांदा म्हणून पाहिलं, आणि तिसऱ्यांदाही त्यांच्या मागचं दार उघडलं. काचेचं, आपोआप सरकणारं दार होतं. स्वागताच्या कमानीची झेंडूची माळ त्या दाराच्या सेन्सरच्या डोळ्यासमोर लोंबत होती, आणि प्रत्येक झुळकीला त्याला कोणीतरी आल्यासारखं वाटत होतं.

"माळ वर बांधा रे ती," डॉक्टर म्हणाले. "पाहुणे भूमकर चौकात अडकलेत. तोवर उरकून घ्या."

व्यासपीठामागे भलामोठा बोर्ड होता: 'स्वाइन फ्लू : अतिदक्षता विभागात शून्य मृत्यू'. सत्कार त्याचाच होता.

हा आकडा खोटा नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. इथे स्वाइन फ्लूने खरोखरच कोणी मरत नसे. ज्याचं लक्षण बरं दिसत नसे, त्याला ब्लँकेट पांघरून, नातेवाइकांना धीर देऊन, वेळेवर मोठ्या सरकारी इस्पितळाकडे रवाना केलं जाई. मग तो तिथे मरे आणि तिथल्या आकड्यात जाई. वाटेतच गेला तर कोणाच्याच आकड्यात जात नसे. कारभाराच्या दृष्टीने हा सगळ्यात स्वच्छ प्रकार.

त्या दिवशी बोर्डाच्या आणि पाहुण्यांच्या मध्ये एकच माणूस आडवा पडला होता. तिसऱ्या मजल्यावर, व्हेंटिलेटरवर, पालथा. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीन चालवणारे अर्जुनराव. फुप्फुसांत हवा नीट जावी म्हणून त्यांना पोटावर झोपवलं होतं. त्यामुळे त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, काचेतून फक्त तळपाय दिसत. त्या तळपायांशीच बोलत.

वॉर्डातले मामा स्ट्रेचर ढकलत आले. मागोमाग डॉ. ऋचा, नुकतीच लागलेली.

"काकू, काकांना आपण जरा मोठ्या ठिकाणी हलवतोय."

"कशापायी?"

"तिकडे सोय जास्त आहे."

"हितं काय कमी हाय? खाली तर कमान बांधलीया."

ऋचा फरशीकडे बघायला लागली. तिला इतकंच पढवलेलं होतं.

"त्या प्रज्वललाबी काल सोय जास्त म्हणूनच न्हेला," सुमनताई म्हणाल्या. प्रज्वल म्हणजे शेजारच्या खाटेवरचा. "सकाळी अंबूबाईचा, त्याच्या आईचा, फोन आलता. काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला गेलं पोरगं. गाडीतला मानूस हातानं हवंची पिशवी दाबतोय, दाबतोय, आन् म्होरचा सिग्नल सुटंना."

ऋचा हातातले कागद सारखे करू लागली.

"मला खरं सांग, बाई. ह्ये वाचत्याल का?"

ऋचाने मागे वळून पाहिलं. मामांशिवाय जवळ कोणी नव्हतं. "चान्स आहे, काकू. थोडाच आहे. पण पहाटेपासून ऑक्सिजन जरा धरून राहिलाय. आता हलवलं तर तेवढाही राहणार नाही."

"आन् मी न्हाई म्हनलं तर?"

"तर आम्हाला हलवता येत नाही." हे ती इतकं हळू म्हणाली, की ते ऐकायला मामांना स्ट्रेचरचं चाक तपासायच्या निमित्ताने वाकावं लागलं. ऐकून झाल्यावर ते सरळ झाले आणि त्यांनी चाकाला ब्रेक लावला.

सुमनताईंनी पदर खोचला आणि अतिदक्षता विभागाच्या दारात मांडी घातली.

निरोप खाली गेला. डॉ. सलिल वर आले. छातीला गुलाबाचं फूल, चेहऱ्यावर व्यासपीठावरचं हसू.

"अहो ताई, उठा बरं. जमिनीवर काय बसता? आपण सगळे एक कुटुंब आहोत."

"व्हय का? मंग घरातलं मानूस मराया लागलं, की तुमी त्याला शेजाऱ्याच्या वट्यावर नेऊन ठिवता का?"

"तसं नाही हो. पेशंटच्या हिताचाच विचार करून..."

"कुनाच्या हिताचा? ह्यांच्या, का खालच्या बोर्डाच्या?" सुमनताईंचा आवाज चढला. "कालचं जवान पोरगं कुठल्या बोर्डावर लिवलंय तुमी? हितं मेलं न्हाई. तिकडं मेलं न्हाई. मंग मेलं कुठं? आं? का जित्तं हाय अजून? जित्तं आसंल तर आना की त्याच्या आईफुडं!"

पलीकडच्या बाकावर बसलेल्या, दुसऱ्या पेशंटांच्या घरच्या दोन बायका उठल्या आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी दारात येऊन बसल्या.

"ह्यांना हात तर लावा," सुमनताई म्हणाल्या. "ही मी उठले आन् खाली गेले. माइक चालू हाय न्हवं?"

माइक चालू होता. जिन्यातून "हॅलो, हॅलो, चेक, चेक" वर येत होतं.

डॉ. सलिल यांचं हसू जागच्या जागी राहिलं. बाकीचा चेहरा तेवढा उतरला. खिशातला फोन थरथरला. पाहुणे चौकातून सुटले होते. डॉक्टरांनी मामांना खूण केली. मामांनी ब्रेक काढला आणि लागला तेवढा वेळ घेऊन स्ट्रेचर मागे नेलं.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "राहू द्या त्यांना इथेच."

सुमनताईंनी डोळ्यांना पदर लावला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

डॉक्टर जिन्यापर्यंत गेले. तिथे थोडे घुटमळले आणि परत आले. सुमनताईंच्या समोर उकिडवे बसले, छातीवरचं फूल सरळ केलं, आवाज खाली आणला. आवाजात खरोखरच नम्रता होती.

"ताई, एवढं एकच करा. तुमचं ऐकतील ते. त्यांना म्हणावं, पाहुण्यांचा चहा होईपर्यंत थांबा."