तोंडात तीळ

गळ्याला वस्तरा टेकल्यावरही खुर्चीतला माणूस हलला नाही. डोळे मिटूनच म्हणाला, "काका, माझी बायको या भागात आलीय म्हणे. उजवा हात मोडलाय तिचा. पडली होती."

बाकड्यावर त्याचा भाऊ बसला होता. त्याने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

सलूनवाल्याचा वस्तरा गळ्यावरच थांबला. अख्खी गल्ली त्याला रेडिओ म्हणायची, आणि उगाच नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला नोकरी लागली, कुणाची दाढ किडली, सगळ्या बातम्या याच खुर्चीवरून सुटायच्या. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे खुद्द त्याच्या बायकोचं मत होतं. ती शिवणवर्ग चालवायची, पण हे मत कधी मोजूनमापून मांडत नसे.

म्हणून तर आठवडाभर तिने त्याला काही कळू दिलं नव्हतं. चर्चमागच्या शिवणखोलीत एक मुलगी लपून राहिली आहे, नवऱ्याने मारून तिचा हात मोडला आहे, आता सापडली तर तो जिवंत सोडणार नाही, हे तिने त्याला आज सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जाताना सांगितलं. तेही मुलगी त्यांच्याच बाकावर बसणार होती म्हणून. नाहीतर यांनी तिथेच चौकशा सुरू केल्या असत्या.

कम्युनियनच्या रांगेत ती मुलगी त्याच्या पुढेच होती. हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे तिने पवित्र भाकर जिभेवर घेतली. तिच्यामागून त्याने घेतली. लहानपणी आईने शिकवलं होतं, चावायची नाही, दात लागू द्यायचा नाही, विरघळेपर्यंत ओठ मिटून बसायचं. साठी उलटली तरी तो तसंच करायचा. आठवड्यातून ती दोन मिनिटं यांना गप्प बसवणं फक्त देवालाच जमतं, असं बायको म्हणायची.

"तुम्हाला ठाऊक नाही, असं कधी होईल का काका?" भावाने विचारलं.

ठाऊक नाही म्हणावं, तर रेडिओला खोटं पचत नसे. खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे, आणि समोर तर भिंतभर आरसा. 'पडली होती' म्हणणाऱ्याचे कान मात्र अगदी जसेच्या तसे होते. दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून रेडिओने उन्हाचा विषय काढायला तोंड उघडलं. पण आपल्या जिभेला तो पुरता ओळखून होता. उन्हावरून टोपी, टोपीवरून शिलाई आणि शिलाईवरून शिवणखोली, इथवर यायला तिला अर्धी दाढीही पुरली असती. त्याने तोंड मिटलं.

वस्तरा तेवढा पुन्हा चालू लागला.

"रेडिओ बंद पडला वाटतं," खुर्चीतला माणूस म्हणाला. आता त्याने डोळे उघडले होते आणि आरशातून तो सरळ रेडिओच्या दोन कानांकडे बघत होता. "म्हणजे आहे इथेच."

गप्प बसणंसुद्धा अंगाशी आलं होतं. रेडिओ भीतीने थरथरत होता, हात सोडून सगळा. हात मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने त्या गळ्यापाशी स्थिर होता, आणि त्या हाताचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली. वस्तरा जरासा दाबला की काम तमाम. मुलगी सुटली. हा विचार नेहमीच्या गिऱ्हाइकासारखा न विचारता आत येऊन बसला. प्रभू, मला धर, तो मनात म्हणाला. याहून लांब प्रार्थना त्याला सुचली नाही.

त्याने वस्तरा उचलला, पुसला आणि मिटला. आरशाखालच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. खुर्चीतल्या माणसाचा एक गाल गुळगुळीत झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच होता.

"मला ठाऊक आहे," रेडिओ म्हणाला. "पण सांगणार नाही."

भावाने उठून शटर खाली ओढलं. भर दुपारी दुकानात अंधार झाला. खुर्ची करकरली, आणि त्या माणसाच्या गालावरचा फेस रेडिओच्या चपलेवर पडला. तो अगदी जवळ येऊन उभा होता.

"बोल," तो म्हणाला. आता काका नव्हतं.

रेडिओने जीभ टाळूला लावली आणि ओठ मिटले, सकाळी रांगेतून बाकावर परतताना मिटले होते तसे.