डावीकडची घंटी

घंटी काही वाजेना.

पुलाखालच्या थांब्यावर उतरणारे उतरले, चढणारे चढले, तरी ड्रायव्हरकाकांचा पाय ब्रेकवरून हलेना. बसच्या पुढच्या चाकाजवळची डावी बाजू आरशात दिसतच नाही. म्हणून बापलेकीचं ठरलेलं होतं. कामावर जाताना पोरीने सायकल तिथून पुढे काढायची, दोनदा घंटी वाजवायची, मगच बापाने बस हलवायची. बाकीच्या सायकलवाल्यांना मात्र काका दिवसभर शिव्यांची लाखोली वाहायचे. "रस्ता काय यांच्या बापाचा आहे?" त्यावर पोरगी म्हणायची, "माझ्या बापाचा आहे ना!"

"काका, निघा की! मुहूर्त बघताय का?" कंडक्टर ओरडला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले होते.

घाम पुसायला काकांनी खिशातून रुमाल ओढला, तसं काहीतरी किणकिणलं. पोरीची घंटी! स्प्रिंग सैल झाली म्हणून काल घरी त्यांनीच ती काढली होती आणि परत बसवायला साफ विसरले होते. आता पोरगी खाली चाकापाशी असली तर कळणार कसं?

त्यांनी सीटवरून अर्धवट उठून मान ताणली. पुढे सिग्नलपाशी पिवळं हेल्मेट दिसलं. पोरगी केव्हाच पुढे गेली होती आणि वळून वळून हात हलवत होती.

"सुटलो बुवा!" म्हणत काकांनी ब्रेक सोडला. बस वीतभर सरकली असेल नसेल, तोच डाव्या पत्र्यावर धाडधाड थापा पडल्या. काकांनी करकचून ब्रेक दाबला.

चाकाजवळून एक प्लंबर सायकल ओढत बाहेर आला. सायकलला बांधलेला पाइप पार वाकला होता. तो ओरडला, "डोळे फुटलेत का? माणूस दिसत नाही?"

"नाही हो," काका कसेबसे म्हणाले. "इथून खरंच नाही दिसत."

तो तणतणत निघून गेला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. काका तसेच बसून राहिले.

"आता कोणासाठी थांबलात?" कंडक्टर वैतागला. "पोरगी गेली ना पुढे?"

काकांच्या मुठीतली घंटी घामाने ओली झाली होती.

"कोणासाठी ते मला काय माहीत?" ते खेकसले. "खाली उतर आणि डावीकडे बघून ये."