ढोलाच्या पोटात

बासष्ट साली नागपूरहून बँडचं रेकॉर्डिंग करायला अकोल्याला आलेले साहेब जानरावच्या ढोलावर जाम खूश झाले. "बाकीचे ढोल टेपवर नुसते घुमतात. याचा ठोका कसा कोरडा, टणक उमटतो! आत कापड कोंबलंय ना?"

"काईच नाई, साहेब. बाबाच्या हातची करामत हाय." साहेबांचा विश्वास बसेना, म्हणून जानरावनं तिथंच अंगणात ढोलाच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

"खोलू नोको बे, जान्या!" ओट्यावरून बाप ओरडला. गेली वीस वर्षं डाव्या बाजूचं कातडं तो एकटाच बदलायचा, पोराला जवळ फिरकू देत नसे.

पण तोवर कातडं निघालं होतं. आत खरंच कापडाचं बोचकं होतं, लाकडाला खिळ्यांनी ठोकलेलं. जानरावनं ते ओढून काढलं आणि उलगडलं. मोरपिशी लुगडं निघालं.

"बघा! म्हातारबुवांना युक्ती आधीच ठाऊक होती की!" साहेब हसले.

लहानपणी हाच काठ मुठीत धरल्याशिवाय जानरावला झोप येत नसे. तो ओट्याकडे वळला.

"बाबा, माय तं हेच लुगडं नेसून घर सोडून गेल्ती, असं सांगत होते ना तुमी?"