काचेच्या पेटीतला अळू

गोरक्षनाथ मास्तरांनी परीक्षानळी तिरकी धरली आणि आतल्या काचेवरून गंधकाम्ल थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. ओसरीवर कोणी खोकायलाही तयार नव्हतं.

"कडं आलं का?" त्यांची आई भागूबाई हिनं विचारलं.

"अगं, आत्ता तर ओततोय."

"मागल्या बारीला लगी आलं हुतं."

ते खरंच होतं. पेटीतलं पाणी, त्यात हिराकस, खाली आम्ल, आणि दोन्हींच्या मधे मेंदी रंगावी तसं तपकिरी कडं. कडं म्हणजे पाण्यात नायट्रेट, आणि इतकं गडद कडं म्हणजे माशांची धडगत नाही, असं मास्तरांनी तेव्हा जाहीर केलं होतं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला जाहीर करणं सोपं असतं. हे कशानं झालं, ते आईला सांगताना मात्र त्यांची बोबडी वळली.

कारण ते तिच्याच हातानं झालं होतं. पुणतांब्याची गंगा आटली, घाटाखालच्या डोहात नुसता चिखल उरला, तेव्हा भागूबाईनं त्यातले शेवटचे बोटभर मासे घागरीतून घरी आणवले. सुतारानं खिडकीच्या काचा जोडून पेटी करून दिली. पाणी आलं की तुझी लेकरं तुला परत देईन, असा शब्द ती नदीला देऊन आली होती. तोवर रोज अंघोळ करून पेटीत कणकेच्या गोळ्या टाकायच्या, जन्मभर घाटावर टाकल्या तशाच, मूठभर. घरची माणसं दुष्काळातली रेशनची लाल मिलो ज्वारी गिळत होती आणि मासे गहू खात होते.

नदीत मूठभर गोळ्या कुठल्या कुठे जातात. पेटीत त्या तळाशी कुजल्या. मासे एकेक करून उलटे तरंगायला लागले. मास्तरांनी पाणी बदलून पाहिलं, पण ते आगीतून फुफाट्यात पडणं होतं; विहीर उसाच्या मळ्यातली, तिच्यात खताचा पाझर, तिच्याही पाण्याला कडं आलं. म्हातारीनं ताट बाजूला सारलं. "पुन्य कराया गेले आन हत्त्या पदरात पडली," एवढंच म्हणत राहिली. पेटीतल्या पाण्याचा थेंब अंगावर उडाला, तरी पदरानं खसाखसा पुसून काढायची.

मग एकदा तीच चिडून म्हणाली, "नायट्रेट नायट्रेट लावलंय कवाधरनं. म्हंजी काय त्ये?"

"खतच समज. आपण उसाला युरिया टाकतो ना, त्याच जातीचं."

"मंग खत हाय तर त्याला पीक लाव की! बघत काय बसलास?"

मास्तर अनवाणीच परसात पळाले. मोरीच्या सांडपाण्यावरचा अळू त्यांनी मुळासकट उपटला, चांगला धुतला आणि पेटीच्या कडेला सुतळीनं बांधला. पानं वर, मुळं पाण्यात. गोळ्यांबद्दल त्यांना बोलावंच लागलं नाही. "खत जादा झालं की पीक लोळतं," असं म्हणून म्हातारीनं आपणहून हात आखडला.

आता अळूची पानं सुपाएवढी झाली होती. पण पानांचं काय, ती मोरीतही वाढतात. खरं काय ते नळीच सांगणार होती. आज कडं आलं, तर पुन्हा गोळ्या वळायच्या नाहीत आणि गंगेच्या घाटावर पाऊल ठेवायचं नाही, हे भागूबाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मास्तरांनी नळी उजेडात धरली. जोडीला विहिरीच्या पाण्याची दुसरी नळी ठेवली होती, तिच्यात कडं केव्हाच उमटलं होतं. पेटीच्या नळीत काही नव्हतं. मास्तर थांबले. तरी काही नाही.

"आत्याबाई, न्हाई आलं!" सून केशर ओरडली. "कोरी हाय नळी!"

भागूबाई उठली आणि नळीला नाक लागेल इतकी वाकली. मास्तरांनी घाबरून नळी मागे घेतली.

"न्हाई आलं," ती पुटपुटली. मग शेजारच्या घरात ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा, "न्हाई आलं गं बनुबाई! माजं मासं जगलं!" ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. वर्गात कधी न हसणारे मास्तर टाळ्या पिटत होते.

तिनं चिमूटभर कणीक घेऊन एकच गोळी वळली आणि अळूच्या मुळांपाशी सोडली. मुळांच्या जाळीतून मासे सुळकन वर आले. गोळी तळाला पोचलीच नाही.

"गंगा येईस्तोर निभंल का रं, गोरख?"

"निभेल की. आता कशाची भीती!"

ओरडून ओरडून म्हातारीच्या घशाला कोरड पडली होती. केशरनं विहिरीच्या पाण्याच्या घागरीतून तांब्या भरून तिच्या हातात दिला. भागूबाईनं तो तोंडाशी नेला आणि मधेच थांबली. तिनं तांब्यात वाकून पाहिलं. मग विहिरीच्या नळीतल्या कड्याकडे पाहिलं, आणि तांब्या सुनेला परत दिला.

"ह्ये ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मास्यांच्यातलं आन वाईच."