हिरवा माड

नारळ पाडायला चढण्यासाठी पास्कूने माडाला दोर गुंडाळला, तेवढ्यात बागेच्या मालकीण इंदूवहिनी मोबाइल घेऊन धावत आल्या. "पास्कूभाऊ, चढू नका! सोंड्या भुंग्याने माड आतून पोखरलाय. आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण उपग्रहाच्या फोटोत झावळ्यांचा रंग बदललेला दिसलाय. तोडूनच टाका."

पास्कूने वर पाहिलं. झावळ्या हिरव्यागार होत्या. "आभाळातून माडाचं पोट दिसतं होय?" तो कुरकुरला, पण दोर सोडून त्याने कुऱ्हाड घेतली. दोनच घावांत माड कोसळला. आत नुसता भुसा आणि वळवळत्या अळ्या.

पास्कूने मूठभर भुसा उचलून पाहिला. त्याचा बाप अशाच हिरव्या माडावरून पडून गेला होता.

"हे कळवलं कुणी, वहिनी?"

"रत्नागिरीच्या नारळ संशोधन केंद्रातली एक मुलगी रोज फोटो तपासते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने पास्कू तिच्यासाठी शहाळी घेऊन निघाला.