कोहळा

बंगळूरचा कचरा वाहण्याचं लायसन्स मिळावं म्हणून कल्लाप्पांनी सहा महिने कचेरीचे उंबरे झिजवले. जुनी लॉरी घेतली, तिचा विमा उतरवला. आता उरली होती फक्त इन्स्पेक्टरसाहेबांची सही, आणि साहेब आज लॉरी बघायला स्वतः घरी येणार होते.

"विमा काढलाय ना, मग कोहळा कशाला?" बायकोनं, कस्तुराबाईनं विचारलं.

"अगं, विमा अपघात झाल्यावर कामाचा. कोहळा अपघात होऊच नये म्हणून!" कल्लाप्पांनी मोठ्या शहाणपणानं सांगितलं. लॉरीला झेंडूचा हार घातला, दृष्ट काढली आणि कुंकू भरलेला कोहळा दारासमोर रस्त्यावर दणकन आपटला. दृष्टीचा कोहळा, त्याला परत हात कोण लावणार? फोडी तशाच पडून राहिल्या.

दहा मिनिटांत साहेब सायकलवरून आले. उतरताना फोडीवर पाय पडला आणि सायकलीसकट रस्त्यात आडवे झाले. कल्लाप्पा धावले. साहेबांनी पँटला चिकटलेली फोड सोडवून त्यांच्या हातात ठेवली.

"अण्णा, धंदा कसला करणार म्हणालात?"



"रस्त्यावरचा कचरा उचलायचा, साहेब," कल्लाप्पा त्या फोडीकडे बघत म्हणाले.