गरुडाचा डबा

काँक्रीटने भरलेली बादली सहा माणसांच्या डोक्यावर लटकत होती आणि वर क्रेनच्या केबिनमध्ये गरुडाचा हात थरथरत होता.

"डावीकडे! अरे, डावीकडे घे!" खालून सिग्नलवाला वॉकीटॉकीत ओरडला. गरुडाला ऐकू आलं, पण डावं कुठलं तेच क्षणभर कळेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बादली परांचीला घासत गेली, एक पाइप निखळून खाली कोसळला, माणसं जीव घेऊन पळाली. मग कशीबशी त्याने बादली रिकाम्या जागेत टेकवली. कुणाला खरचटलंही नाही. नशीब म्हणायचं, दुसरं काय!

शिडीला दोनशे बारा पायऱ्या होत्या. डबा खांद्याला अडकवून तो खाली उतरेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढ्यात फोरमनने एक कागद तयार केला, साइटच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि गरुडाच्या बायकोलाही फोन केला. ती मागच्याच गल्लीत राहायची. चपला उलटसुलट घालून धावत आली.

कागदावर एकच ओळ होती: 'यापुढे या माणसाला क्रेनवर चढवू नये.' खाली डॉक्टरांच्या सहीची जागा मोकळी होती.

"डोक्यावर परिणाम झालाय, बाई," फोरमन म्हणाला. "वर्षभर बघतोय. राग नुसता नाकावर. परवा सिग्नलवाल्याच्या अंगावर धावून गेला, तेही त्याने शीळ घातली म्हणून. आणि हा माझा हिरा होता हो! दिवसभर एकदाही खाली उतरायचा नाही. दुसरे ऑपरेटर दोनदा उतरतात, प्रत्येक वेळी तासभर क्रेन उभी. हा गेला की गेला वर. म्हणून तर मी बक्षीस दिलं याला."

बक्षीस टेबलावरच होतं. चार पुडांचा चकचकीत डबा.

गरुड खुर्चीत अंग चोरून बसला होता. त्याला कागदाची भीती नव्हती, फोरमनच्या 'डोक्यावर परिणाम' या शब्दांची होती. त्याच्या बापाचं डोकं चाळिशीत फिरलं होतं. आता आपली पाळी, असं तो सहा महिने मनाशी म्हणत होता. घरी मुलगी अंगावर झेपावली तरी त्याला तिचा भार वाटायचा. मनातून सगळा रंगच उडून गेला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट होतं. जीभ कोरडी, ओठ फुटलेले.

"पोट साफ होतं?"

"चार-चार दिवस नाही."

"झोप?"

"नाही."

"खाणं?"

"रात्री जेवतो. पोटभर. आणि दुपारी डबा."

"मन आजारी असेलही," बाई म्हणाल्या. "पण आधी पोटाला विचारायचं असतं. ते नीट चालेना झालं की माणसाचा मूड जातो, अंगातली ताकद जाते, वाटेल ते होतं. उपाशी माणूस चिडतो, थरथरतो, त्याला डावं-उजवं कळत नाही. दुपारी खरंच जेवतोस?"

उत्तर बायकोने दिलं. तिला ते लागलंच होतं. "जेवतात म्हणजे काय! पाचला उठून करते मी. डबा रोज चाटूनपुसून येतो घरी. घासते मीच ना. एक शीत उरत नाही."

डबा काही खोटं बोलत नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला. गरुडाने डोळे मिटून घेतले. बायकोने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

एवढ्यात खिडकीबाहेर फडफड झाली.

समोरच्या छपरावरून कबुतरांचा एक थवा उठला आणि सरळ क्रेनकडे गेला. वीस-पंचवीस तरी असतील. रिकाम्या केबिनच्या कठड्यावर ती ओळीने बसली. जागेवरून भांडण नाही, काही नाही. जो तो आपापल्या ठरलेल्या जागी. एकाने तर केबिनच्या काचेवर चोच आपटली.

"हे काय आता?" फोरमन म्हणाला.

गरुडाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"एक वाजला," तो पुटपुटला. "त्यांची जेवायची वेळ झाली."

बायको खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ वर बघत राहिली.

"बाळसं धरलंय की हो मेल्यांनी," ती म्हणाली, आणि तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. "तरीच रोज म्हणायचात, भाजी मस्त झाली होती!"

"भरलेला डबा परत आणला असता तर तू रडली असतीस."

"आणि आता काय हसतेय?"

"किती दिवस चाललंय हे?" बाईंनी विचारलं.

"आधी कधीमधी. वर्षापूर्वी बक्षीस मिळालं तेव्हापासून रोज. खाल्लं, पाणी प्यायलं, की संडासाला खाली उतरावं लागतं, बाई. संडास खाली आहे."

"पोटात कावळे ओरडत नव्हते?"

"पहिले दोन महिने ओरडले. मग गप्प झाले."

फोरमन त्या चकचकीत डब्याकडे बघत होता. बाईंनी डबा उघडला, गरुडाच्या पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "जेव. सावकाश. आम्ही थांबतो." पहिला घास घेताना त्याचा हात थरथरला, पण तोंडापर्यंत पोचला.

मग त्यांनी फोरमनच्या कागदावर एकच शब्द वाढवला आणि खाली सही केली.

'यापुढे या माणसाला उपाशी क्रेनवर चढवू नये.'